सातापर्यंत

आचऱ्याच्या खाडीकाठी आमची शाळा. पट सतरा,
त्यातली चौथी नऊ जणांची.
मी बार्शीकडची. आमच्याकडे पाणी घागरींनी मोजतात;
इथे आल्यावर कळलं, पाण्यालाही वेळापत्रक असतं.

'मुलं वर्गात बोलत नाहीत.'
कृतिसंशोधनाच्या छापील नमुन्यात
समस्येच्या रकान्यात मी हे लिहिलं,
निळ्या शाईत, ठाम अक्षरात.
कारणे: मुलं लाजरी. घरी मालवणी. पालक दर्यावर.
सगळी कारणं माझ्या खुर्चीपासून लांबची.

मग मोबाइल ठेवला कपाटावर, खडूच्या डब्याला टेकवून,
आणि रात्री खोलीवर, भात शिजेस्तोवर,
स्वतःचाच तास ऐकला.
पस्तीस मिनिटांत अठ्ठेचाळीस प्रश्न.
त्यातले एकतीस मनवा पराडकरला आणि हर्षलला.
प्रश्न संपून माझंच उत्तर सुरू होईपर्यंत
एक सेकंद. कधी तोही नाही.
खिडकीजवळच्या लौकिक तारीचं नाव
अख्ख्या तासात एकदाच:
"लौकिक, पाय खाली."

भात लागला होता. तसाच खाल्ला.
'मुलं' हा शब्द खोडला
आणि बराच वेळ तिथे काहीच लिहिलं नाही.

उपाय साधा वाटला:
विचारायचं, आणि मनात सातापर्यंत मोजायचं.
तिनावर जीभ वळवळते.
चारावर ऐकू येतं खिचडीच्या पातेल्यावरचं झाकण,
मग सुरूच्या बनातला वारा, मग कुणाची तरी पेन्सिल,
सहावर वाटतं, आत्ता कोणी दारातून डोकावलं
तर म्हणेल, या बाईंना पगार कशाचा?
पहिल्या दिवशी मागून कुजबुज आली,
"बाई इसारले वाटता."

लौकिकचा बाप तर चालवतो.
पलीकडून कोणी हाळी दिली की
सोडलेला दोर पुन्हा खुंट्याला घालतो, आणि विडी काढतो.
सहा महिने त्या होडीत बसून
मी घड्याळ बघत चिडत होते.

वहीत रोज रेघा: उभ्या चार, पाचवी आडवी.
तिसऱ्या आठवड्यातला बुधवार.
मी विचारलं, भरती कशामुळे येते?
मनवाचा हात वर. मी मोजत राहिले.
पाच. सहा.
सातावर लौकिक उभा, नजर बाकावर,
"चंद्र वडता पाणी."
आणि बसता बसता,
"मगे आमच्या बावीत कित्याक येणा नाय?"

मला माहीत नव्हतं.
पुस्तकात नव्हतं, शिक्षक हस्तपुस्तिकेत नव्हतं,
बार्शीत तर नव्हतंच.
तोंड उघडलं, मिटलं.
नऊ जण माझ्याकडे बघत होते, आणि हर्षल
बाकाखाली बोटं मोजत होता.
सात झाले. आठ झाले.
कोणीच मध्ये बोललं नाही.
"माहीत नाही," म्हटलं, "उद्या बघू."
दुसऱ्या दिवशी तीन घरच्या विहिरींत दोऱ्या सोडल्या,
गाठी मारलेल्या, ओहोटीला एकदा, भरतीला एकदा.
तारींच्या विहिरीत पाणी
दोन बोटं चढलं होतं.
बाकीच्या दोन जशाच्या तशा.
का, ते अजून चाललंय.

केंद्रप्रमुख वालावलकर सरांना अहवाल हवाय,
तीन प्रतींत, शेकडेवारीसह.
बोलणारी मुलं: आधी दोन, आता सात. हे मी लिहिलं.
हर्षल आता कंटाळून जांभया देतो,
तेही लिहिलं, मर्यादा या मथळ्याखाली.
दोन बोटं पाणी कुठल्या रकान्यात बसेना.

आणि शमिका.
तिच्यासाठी मी दहापर्यंत गेले, एकदा वीसपर्यंत.
ती फरशीवरची भेग बघते.
मधल्या सुट्टीत मात्र मांजराशी बोलते,
पूर्ण वाक्यांत, दम न घेता.

काल मी लांबच पायरीवर बसले,
वही न उघडता.